नदीकाठचा उंचवटा

“हा उंचवटा कुठे गेला?”

वत्सलाबाई टिपणिसांनी दोन आलेख शेजारी शेजारी ठेवले होते. एक कच्चा, एक पक्का.

“काढला, बाई,” शार्दूल म्हणाला. “चूक होती ती.”

बाई लोकसंख्याशास्त्र शिकवत. निवृत्तीनंतर त्यांच्या हाताखाली एकच विद्यार्थी उरला होता, हा शार्दूल गावंडे. हुशार होता, आणि ते त्याला ठाऊक होतं. कोणत्या वयात बायकांना किती मुलं होतात, याची रेघ त्याने साऱ्या जिल्ह्यासाठी बसवली होती. विशीत चढणारी, तिशीनंतर सावकाश उतरणारी. कुठे खाच नाही, खड्डा नाही.

त्याने समजावून सांगितलं. वय विचारलं की बायका तीस सांगतात, नाहीतर पस्तीस. आकडे तिथे उगाच साचतात. ते आजूबाजूच्या वयांत वाटून द्यावे लागतात. लग्नाच्या वयाची रेघही त्याने अशीच गुळगुळीत केली होती.

बाईंना ते पटलं. रेघ सुरेख आली आहे, असंही त्या म्हणाल्या. मग त्यांनी कच्च्या आलेखावर चाळिशीच्या जरा अलीकडे बोट ठेवलं.

“आणि हे? अडतीस, एकोणचाळीस. ही काही कोणी अंदाजाने सांगायची वयं नव्हेत.”

“नदीकाठची दोन-चार गावं आहेत, बाई. आकडे थोडे असले की असं उसळतं.”

“असेल… तू गेला होतास तिथे?”

तो गेला नव्हता. पाहणी दुसऱ्यांनी केली होती. तुम्हाला कारण माहीत आहे का, असं त्याने थोडं चिडूनच विचारलं.

“नाही रे. म्हणून तर जाऊ.”

पुढच्या आठवड्यात दोघं एसटीने निघाली. बाईंनी वाटेत त्याला दशमी खायला लावली. उतरताना गुडघा दुखला, तसा त्याचाच खांदा धरला.

नदीकाठच्या एका गावात कौतिका मेश्राम आपल्या अंगणात लाखोळीची डाळ निवडत होती. भांगाजवळचे केस पिकलेले. तिची नुकती चालायला लागलेली पोर कोणी न बोलावता शार्दूलच्या मांडीवर येऊन बसली.

बाईंनी पोरीचं वय विचारलं. मग कौतिका आपणहून बोलत गेली.

काही वर्षांपूर्वी पलीकडच्या तीरावर जत्रा होती. पोरं नावेतून निघाली, आणि मधल्या धारेत नाव उलटली. काठच्या गावांत एकाआड एक घर रिकामं झालं. ज्यांनी पाळणा कधीच थांबवला होता, त्या बायका पुन्हा गरोदर राहिल्या. काहींनी नागपूरला जाऊन नसबंदीचं झालेलं ऑपरेशन सोडवून घेतलं. तीही गेली होती.

“पोरगा असता, तर औंदा बारावीले असता,” ती म्हणाली. “त्याच्या मागून ही आली.”

कौतिका चहा ठेवायला आत गेली. पोरीने त्याच्या खांद्यावर मान टाकली होती. तो अवघडून बसला होता, पण हलला नाही.

मग एकदम बोलायला लागला. यांची मुलं मी इतर बायकांच्या वयांत वाटून दिली, बाई. पुसून टाकली. आता सगळं पुन्हा मांडावं लागेल. पण प्रत्येक चढउतार तसाच ठेवला, तर जिल्ह्याची रेघ कधी निघायचीच नाही. आणि काढली, तर हे अंगण त्यात कुठे दिसायचं… त्याचा आवाज चढत गेला.

“मग खरं काय, बाई? रेघ की उंचवटा?”

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोल. झोपली ती.”