भूपालनं थाप दिली नाही

"थाप का दिली न्हाईस?"

दस्तगीर वस्तादांनी मान वर न करताच विचारलं. ते खोऱ्यानं तालमीच्या हौद्यातली तांबडी माती उकरत होते. सत्तरी उलटली होती, पण माती अजून दुसऱ्या कुणाला उकरू देत नव्हते.

भूपाल मगदूम दारात उभा होता. उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत प्लास्टरात, गळ्यात झोळी. येताना गावात चार जणांनी त्याला थांबवून शाबासकी दिली होती. वस्ताद तर पाठच थोपटतील, असं धरून तो आला होता.

"पैलवान गडी थाप देतोय व्हय, वस्ताद? हात मोडला, पर हरलो म्हणालो न्हाई."

वस्ताद माती उकरत राहिले…

गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. मिक्स्ड मार्शल आर्ट्स हे नाव तेव्हा आपल्याकडे नवं होतं. कराटेवाला, ज्युदोवाला, बॉक्सर आणि मातीतला पैलवान, सगळ्यांनी एकाच गादीवर उतरायचं आणि कुणाची विद्या भारी ते बघायचं, एवढंच लोकांना कळलं होतं. नियमांचा एक कागद असायचा. तो वाचायचे थोडे. हार मानायची असेल तर जमिनीवर किंवा समोरच्याच्या अंगावर तळहातानं थाप द्यायची, हे मात्र सगळ्यांना सांगितलेलं असायचं.

अशीच एक स्पर्धा गोव्यात, म्हापशाला, बॅडमिंटनच्या हॉलमध्ये झाली. पंच कराटेचे मास्तर होते. डॉक्टर म्हणून बसवले होते ते दातांचे. वस्तादांनी जाऊ नको म्हटलं नव्हतं, जा असंही म्हटलं नव्हतं. भूपाल एकटाच एसटीनं गेला.

समोर आला तो ज्युदो खेळणारा एक सडपातळ पोरगा. भूपालनं त्याला पहिल्याच मिनिटाला उचलून आपटला आणि छातीवर बसला. दोन्ही खांदे जमिनीला! मातीत एवढं झालं की कुस्ती संपते. भूपालनं पंचांकडे बघितलं. आता शिट्टी होईल, मग वाजतगाजत मिरवणूक…

शिट्टी झाली नाही. तो बघत असतानाच खालच्या पोरानं त्याचा उजवा हात दोन्ही पायांत धरला आणि कोपर उलटं ताणलं. भूपालनं दात आवळले. पंचांना काय चाललंय ते उमगलं नाही. थोड्या वेळानं वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला.

"आन् त्या पोराचं काय झालं?" वस्तादांनी विचारलं.

"कुठल्या?"

"ज्यानं मोडला त्याचं."

"त्याचं काय व्हायचंय? त्यो जिंकला."

"नाव काय त्याचं?"

भूपालनं आठवून बघितलं. लाऊडस्पीकरवर पुकारलं होतं, पण…

"गोव्याचा हाय कोण तरी. लई मस्तीचा गडी, वस्ताद. हात धरला आन् कानात धमकी देत हुता. हात मोडतो, हात मोडतो म्हणून. मीबी म्हणलं, मोड!"

वस्तादांनी खोरं भिंतीला टेकवलं. धोतराला हात पुसले आणि भूपालला बोलावलं. "हिकडं ये. बस."

भूपाल मातीत बसला. वस्ताद त्याच्या शेजारी आडवे झाले आणि आपला उजवा हात, कोपर खाली येईल असा, त्याच्या मांडीवर टाकला.

"डावा हात मोकळा हाय न्हवं? मनगट धर. दाब खाली."

"वस्ताद…"

"दाब म्हणतो न्हवं."

भूपालनं दाबल्यासारखं केलं.

"ह्ये काय गवळ्याची म्हस पिळतोस का? दाब."

आयुष्यात वस्तादांचा शब्द त्यानं मोडला नव्हता. त्यानं जोर लावला. सुरकुतलेल्या कातडीखाली हाड ताठ झालेलं त्याला मांडीवर कळलं. वस्तादांच्या कपाळावर घाम आला. तोंडातून आवाज नाही. दुसरा हात पोटावर तसाच, निवांत.

"थाप द्या, वस्ताद."

वस्ताद आढ्याकडे बघत राहिले.

"द्या की!… वस्ताद, हात मोडंल!"



वस्तादांचं मनगट त्याच्या हातातून सुटलं होतं.  म्हापशाच्या हॉलमधला तो कानातला आवाज त्याला पुन्हा ऐकू आला. 'मोडटलो रे, हात मोडटलो तुजो!' तो पोरगा कोकणीत बोलत होता. मोडतो म्हणत नव्हता. मोडेल म्हणत होता. एकदा नाही, तीनदा म्हणाला होता. तिसऱ्यांदा तर आवाज रडवेला होता, हे भूपालनं तेव्हाच ऐकलं होतं. चार जणांना गोष्ट सांगताना तेवढंच गाळलं होतं.

"त्यो इनवणी करत हुता…" भूपाल म्हणाला.

वस्ताद कोपर चोळत उठले.

"पर तुमीबी थाप दिली न्हाईसा," भूपाल म्हणाला.

वस्तादांनी त्याच्याकडे बघितलं.  मग खोरं उचललं आणि पुन्हा मातीला लागले.

आठव्या दिवशी भूपालनं गोव्याची एसटी धरली.

नाव स्पर्धेवाल्यांकडून मिळालं. आग्नेल फर्नांडिस. दिवाडी बेटावर राहायचा आणि फेरीबोटीवर कामाला होता. बोट धक्क्याला लागली की दोर टाकायचा, माणसं उतरली की पुन्हा ओढून घ्यायचा. त्यानं प्लास्टर लांबूनच बघितलं. हातातला दोर त्याच्याकडून पाण्यात पडला.

त्याला वाटलं, हा भांडायला आलाय.

भूपालनं वाटेत काय काय बोलायचं ते घोकलं होतं. त्यातलं काहीच आठवेना. "जेवलास का?" त्यानं विचारलं.

आग्नेल त्याला घरी घेऊन गेला. आईनं मासळी केली होती. हा पाहुणा जैन आहे, अंडंसुद्धा खात नाही, कळल्यावर तिची धांदल उडाली. शेजारणीकडून नवं मडकं आणून तिनं पेज शिजवली आणि आंब्याच्या लोणच्याबरोबर पुढ्यात ठेवली. भूपालला डाव्या हातानं जमत नव्हतं. पेज शर्टावर सांडत होती. आग्नेल बघत होता, मदतीला हात पुढे करत नव्हता. मग आईच चमचा घेऊन बसली.

"ह्यानं खेळ सोडला," ती म्हणाली. "बक्षिसाचा कप आणला, तो पलंगाखाली घातला. चुलीला काटक्या मोडायला सांगितल्या तर उठून बाहेर जातो."

"आई, पुरे," आग्नेल म्हणाला.

"का? मी बोलायचं नाही? ह्याचा हात मोडला तो दीड महिन्यात जुळतो. तुझं काय जुळायचं?"

भूपालनं पेज संपवली. मग आग्नेलकडे बघून म्हणाला, "चूक माझी हाय. तू सांगत हुतास, मी आयकलं न्हाई."

 परत जाताना धक्क्यापर्यंत त्याची पिशवी आग्नेलनं उचलली.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात आग्नेल भूपालच्या गावी आला. का आला, ते त्यानं सांगितलं नाही. सकाळी भूपाल त्याला तालमीत घेऊन गेला. भूपालचा हात बारीक झाला होता, काटकीसारखा, आणि पुरता सरळ होत नव्हता. आग्नेल त्याच्याकडे बघायचं टाळत होता. त्यानं दारात चपला काढल्या, पण हौद्याच्या कडेलाच थांबला.

"ह्यो आग्नेल," भूपाल म्हणाला.

"कळलं," वस्ताद म्हणाले. "बस, बाळ."

आग्नेल बसला नाही. वाटभर जे धरून आणलं होतं ते त्यानं उभ्यानंच सांगून टाकलं.

"मी तीनदा सांगितलं त्याला. पंचांकडे बघितलं, ते बघत नव्हते. सोडला असता तर ह्यानं मला मारला असता. वजनानं दुप्पट होता हा… पण मला कळत होतं, आता मोडणार. कळत होतं, तरी मी ताणलं. मी काय करायला पाहिजे होतं, वस्ताद?"

 

भूपाल वाट बघत होता. वस्ताद म्हणतील, सोडायला पाहिजे होतास. नाहीतर म्हणतील, तुझा काही दोष नाही. दोन्हीपैकी एक तर म्हणतीलच.

वस्तादांनी अंगातला सदरा काढला. घडी घालून खुंटीवर ठेवला. कपाळाला माती लावली आणि हौद्यात उतरले. गुडघ्यावर हात टेकत, सावकाश, ते मातीत उताणे झाले. ज्या माणसाची पाठ पन्नास वर्षांत कुणी मातीला लावली नव्हती, त्याला आपणहून उताणं पडलेलं भूपाल पहिल्यांदाच बघत होता.

वस्तादांनी उजवा हात वर केला.

"ये. घाल त्यो डाव."

"नको…" आग्नेल मागे सरकला. "मी आता घालत नाही तो."

"मलाबी थाप देता येत न्हाई. मला न्हाई आली, म्हणून ह्या पोरालाबी शिकवली न्हाई. ये."

आग्नेलनं भूपालकडे बघितलं. भूपालनं मान हलवली.

तो हौद्यात उतरला. खाली बसला. वस्तादांचं मनगट धरलं. पाय त्यांच्या छातीवरून टाकले. मनगट दोनदा सुटलं, दोनदा पुन्हा धरलं.

वस्तादांनी दुसरा तळहात त्याच्या पायावर ठेवला.

"भिऊ नको, लेकरा. लवकर देईन."