प्राध्यापक पंचवाघांची उचकी

"तर बुवा, एकच सांगा. माणूस माशापासून झाला, की ब्रह्म… उक्… ब्रह्मदेवापासून?"

 रेवणबुवा मठाच्या खालच्या पायरीवर बसून सीना नदीतल्या माशांना कणकेच्या गोळ्या टाकत राहिले.

बुवा गप्प झाले की भक्त म्हणतात, समाधी लागली. आम्ही जवळची माणसं आधी घोरणं ऐकू येतंय का ते बघतो. आज घोरणं नव्हतं.

विचारणारे होते प्राध्यापक श्रीनिवास पंचवाघ. तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. ज्याच्या आडनावातच पाच वाघ आहेत, त्याने आपण जनावरांतून आलो हे सिद्ध करायला एवढं शिकायचं कशाला, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते हसले नव्हते. शिकलेली माणसं आपल्याच विनोदाला हसतात.

त्यांचा स्वतःचा विनोद मात्र गाजला होता.

मागच्या हिवाळ्यात गावच्या वाचनालयात त्यांचं व्याख्यान झालं. विषय, माणूस कुठून आला. पहिल्या रांगेत त्यांचे वडील, अप्पा. अप्पा देवळात पुराण सांगतात. त्यांना राहवेना. मध्येच उठून त्यांनी विचारलं, अरे, म्हणजे आपले पूर्वज मासे होते की काय?

लेक व्यासपीठावरून म्हणाला, "होते अप्पा. काहींच्यात अजूनही फारसा फरक पडलेला नाही."

हॉल हसला. टाळ्या पडल्या. अप्पांनी चाचपडत छत्री शोधली. डोळे अधू झाल्यापासून ते छत्रीच काठीसारखी टेकतात. मग चपला शोधल्या, आणि गेले.

तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद.

प्राध्यापकांनी त्यावर तोड काढली होती. अप्पा बुवांचे शिष्य. बुवांनी दिवसाला रात्र म्हटलं तर अप्पा कंदील लावतील. तेव्हा येत्या एकादशीला बुवांनी सगळ्यांदेखत एवढंच म्हणावं, की मासा खरा. अप्पा मान डोलावतील, तंटा मिटेल, आणि कुणाला माफीबिफी मागावी लागणार नाही.

शेवटचं ते म्हणाले नाहीत. ते मी घातलंय.

"अप्पा कसे आहेत?" बुवांनी विचारलं.

"बरे असतील… उक्."

"असतील," बुवा म्हणाले आणि एक गोळी पाण्यात टाकली.

आता, मठाकडे येणारी सरळ वाट अप्पांच्या ओट्यापुढून येते. त्या वाटेला गवत नाही. आणि प्राध्यापकांची पँट तर गुडघ्यापर्यंत कुसळांनी भरली होती. म्हणजे साहेब अलीकडच्या फाट्यावरच उतरून रानातून आले होते.

बुवांनी कुसळं पाहिली. मग परत माशांकडे पाहिलं.

उचकी काही थांबेना. मठात स्वयंपाक करणाऱ्या म्हाळसाबाईंनी साखर दिली. पाणी पाजलं. नाक धरायला लावलं. मी मागून एकदम "साप" म्हणून ओरडलो. प्राध्यापकांनी शांतपणे वळून विचारलं, कोणत्या जातीचा? प्राणिशास्त्रवाल्याला घाबरवायची सोय नाही.

"कुनीतरी आठवण काढतंय," म्हाळसाबाई म्हणाल्या. "नावं घ्या एकेक. जो काढत आसंल त्येचं नाव आलं, की थांबती."

झालं. प्राध्यापकांना वर्ग मिळाला.

त्यांनी आम्हाला उचकी समजावून सांगितली. बेडकाचं पिल्लू असतं ना, ते पाण्यात असताना कल्ल्यांनीही श्वास घेतं आणि फुप्फुसंही बाळगतं. पाणी तोंडात ओढायचं, पण फुप्फुसात जाऊ द्यायचं नाही, म्हणून ते घसा पटकन मिटून घेतं. आपली उचकी तीच. ओढणं आणि मिटणं. आपण पाण्यातून बाहेर आलो, कल्ले गेले, हिसका राहिला. निदान काही शास्त्रज्ञांचं तसं मत आहे. तेव्हा म्हाळसाबाई, आठवणबिठवण काही नाही. शरीराची ही फार जुनी सवय आहे, कोट्यवधी वर्षांची, विसरता न आलेली.

एवढं बोलताना त्यांना सात-आठ हिसके बसले. प्रयोगासह व्याख्यान असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"विसरता न आलेली," बुवा म्हणाले. "म्हणजे आठवणच."

"तसं म्हणा हवं तर."

"ही म्हणते आठवण. तूही म्हणतोस आठवण. मग वाद कशावर आहे?"

"कोण काढतंय… उक्… यावर."

बुवा मनापासून हसले. मासे लांब पळाले.

मग त्यांनी विचारलं, की अप्पा पुराणात काय सांगतात. प्राध्यापकांनी सांगितलं, थोडं नाक मुरडूनच. चौऱ्याऐंशी लक्ष योनी. जीव आधी पाण्यात जन्मतो, मग झाड होतो, किडा होतो, पक्षी होतो, जनावर होतो, आणि असा चढत चढत शेवटी माणूस होतो.

"पाण्यात म्हणजे मासा पण?"

"मासा पण."

"मग अप्पा रोज देवळात सांगतात की मी मासा होतो. स्वतःच्या तोंडाने."

"फार फरक आहे बुवा." प्राध्यापक सरसावून बसले. अप्पांच्या म्हणण्यात एकच जीव अंगरखे बदलत चालतो. शास्त्रात तसा कुणी चालणारा नाही. आईबापांकडून पोरांकडे, थोडंथोडं बदलत, देहच चालत येतात. आणि मुख्य म्हणजे अप्पांच्या सांगण्यात जिना आहे. खाली मासा, वर माणूस. शास्त्रात जिना नाही. झाड आहे. एका फांदीवर आपण, एका फांदीवर मासे. कुणी शेंड्यावर बसलेलं नाही. आजचा मासा आपल्याइतकाच पुढे आलेला आहे.

बोलताना त्यांचा चेहरा उजळला होता. खोटं कशाला बोलू, ऐकताना मलाही नदी जरा वेगळी दिसली.

बुवा पाण्याकडे बघत होते.

"म्हणजे मासा कमी नाही."

"मुळीच नाही."

"मासा म्हणणं हा काही अपमान नव्हे."

"शास्त्राच्या दृष्टीने मुळीच नव्हे."

"मग त्या दिवशी हॉल हसला कशाला, शिनू?"

…

शिनू हे त्यांचं लहानपणचं नाव. कॉलेजात ते कुणाला ठाऊक नाही.

प्राध्यापकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. उचकी आली.

"राहू दे," बुवा म्हणाले. "नावं घे."

"माझा विश्वास नाही."

"प्रयोग म्हणून घे. विश्वास नसला तर प्रयोग जास्त चांगला होतो, नाही का?"

हे त्यांना पटलं. शास्त्रज्ञाला खड्ड्यात उतरवायचं असेल तर त्यालाही प्रयोग म्हणावं.

त्यांनी बायकोचं नाव घेतलं. उक्. मुलीचं. उक्. प्राचार्यांचं घेतलं, मी म्हटलं, ते आठवण काढत असतील तर उचकी नव्हे, ठसका लागेल. शाळेतल्या मित्राचं नाव घेतलं, नापास केलेल्या दोन पोरांचं घेतलं, भुसावळच्या मावशीचं घेतलं.

उक्.

मग जरा थांबून म्हणाले, "आई." ती जाऊन बरीच वर्षं झाली.



उक्.

मग आजोबा. मग पणजोबा, ज्यांनी गावात पहिल्यांदा पुराण लावलं ते.

म्हाळसाबाईंनी तोंड उघडलं. बुवांनी त्यांच्याकडे न बघताच हात वर केला. म्हाळसाबाईंनी तोंड मिटलं. हा चमत्कार मठात आजवर दुसऱ्या कुणाला साधलेला नाही.

"पुढे?" बुवा म्हणाले.

"पुढची नावं मला माहीत नाहीत."

"तुझ्या शास्त्राला माहीत असतील."

प्राध्यापक हसले. आता त्यांनाही गंमत वाटू लागली होती. मी म्हटलं, माकड घ्या. तर म्हणाले, माकड आपला पूर्वज नव्हे, चुलत भाऊ आहे. बरं, म्हटलं, घरातलाच आहे, घ्या. घेतलं. उक्. मग झाडावर राहणारं, चिचुंद्रीएवढं काहीतरी घेतलं. सरड्यासारखं काही घेतलं. बेडकासारखं घेतलं.

उक्. उक्. उक्.

"घ्या," ते शेवटी हात पसरून म्हणाले, "मासा."

बुवांनी एक गोळी टाकली. पाणी हललं, एक चंदेरी तोंड वर आलं, गोळी घेऊन गेलं.

"बोलावलास, आला," बुवा म्हणाले.

आम्ही सगळे हसलो. प्राध्यापकही.

…

उक्.

हसू हळूहळू विरत गेलं. प्राध्यापक पाण्याकडे बघत राहिले. आता मागे जायला काही उरलं नव्हतं. ऊन कलतं झालं होतं. गावाच्या बाजूने देवळातली घंटा ऐकू आली. ही अप्पांची पुराणाला बसायची वेळ.

प्राध्यापकांनी तिकडे मान वळवली नाही. पण ऐकलं. उचकी लागलेल्या माणसाचा श्वास एकदम थांबला, तर शेजारच्याला कळतं.

"बुवा," ते फार हळू म्हणाले, "कोण राहिलं?"

बुवांनी शेवटची गोळी पाण्यात सोडली. हात धुतले, उपरण्याला पुसले. मग वाकून प्राध्यापकांच्या गुडघ्यावरचं एक कुसळ उपटलं, बोटांत धरून जरा निरखलं, आणि नदीत टाकून दिलं.

"शिनू," ते म्हणाले, "माशाकडे जाताना वाटेत आधी अप्पा लागतात."