वीस पावलांचा बांध

खडकवळे गावाच्या उगवतीला, बिरोबाच्या टेकडीखाली एक बांध आहे. नवखा माणूस त्याला रस्ता समजतो आणि खुशाल त्यावर गाडी घालतो. चूक त्याची नाही. दोन बैलगाड्या शेजारून जातील आणि मधे दोघांना भांडायलाही जागा उरेल, एवढा तो रुंद आहे. मोजून वीस पावले. मोजणीच्या नकाशात मात्र तो केसाएवढ्या रेघेचा आहे. मोजणीदाराने म्हणे तीन वेळा साखळी टाकून पाहिली आणि शेवटी डोळ्यांपेक्षा कागदावर विश्वास ठेवला.

गावातले आबा शेंडगे पाहुण्यांना या बांधाची हकिकत सांगतात. आधी गाडी खाली घ्यायला लावतात, मग सांगतात.

इतर गावांत बांध दरसाल बारीक होत जातो. दोन्हीकडचे नांगर त्याला कोरत राहतात आणि अखेर त्यावरून जाताना सरड्यालाही तोल सांभाळावा लागतो. खडकवळ्यात उलटे घडले. त्यामागे कुणाचा साधुपणा होता असे नाही. साधुपणाने एवढी जमीन सुटत नाही, ताठ्याने सुटते.

फार मागे इथे हैबती नावाचा शेतकरी होता. त्याच्या रानाला लागून सुभानाचे रान. एकदा नांगरताना हैबतीचा बैल गांधीलमाशीने बिथरला आणि फाळ बांधात हातभर घुसला. हैबतीने माती परत लावली, पायाने दाबली, पण सुभानाने ते पाहिले होते. संध्याकाळी बिरोबाच्या देवळापुढे चार माणसे बसली असता तो म्हणाला, "हैबतीच्या घरी आज चूल पेटली न्हाई जणू. बांध खात हुता."

माणसे हसली. हैबतीला ते हसू फाळापेक्षा खोल लागले. तो उठला आणि देवळाच्या पायरीवर हात ठेवून म्हणाला, "औंदापासनं दरसाल माझ्याच रानातलं एक तास बांधाला सोडीन. आन त्या बांधावर माझ्या बैलासाठी माझ्या घरचा इळा चालला, तर बिरोबा मला बघून घील."

तास म्हणजे पेरायच्या पाभरीची एक ओळ, हातभर रुंद. सोडायला फार नाही. पण सुभानाही उठला. "मी काय भिकारी हाय? मीबी सोडीन," असे म्हणून त्यानेही तीच शपथ, शब्दाला शब्द, त्याच पायरीवर घेतली. बिरोबाला अशा शपथांची सवय असावी. तो काही बोलला नाही.

लोकांना वाटले, दोन वर्षांत दोघे थंड होतील. पण दरसाल पेरणीला हैबती बांधाकडचे एक तास कोरे सोडी आणि कमरेवर हात ठेवून पलीकडे पाही. मग सुभाना सोडी. अशी सोळा वर्षे गेली. मधल्या पट्ट्यात पवन्या गवत कमरेएवढे वाढले, बोरी आल्या, तितर अंडी घालू लागले. गवत दरसाल पिवळे होई, आडवे पडे आणि त्यातूनच पुन्हा उगवे. कुणाची शेळी तिकडे वळली तर दोघेही दोन बाजूंनी धोंडे घेऊन धावत. तेवढ्या एका बाबतीत त्यांचे एकमत होते.

हैबतीची बायको ठकूबाई एवढेच म्हणे, "आणखी पन्नास सालं जगा दोघं. मंग नुसता बांधच ऱ्हाईल, रानाची कटकट मिटंल."

मग लागोपाठ दोन वर्षे पाऊस चुकला. दुसऱ्या उन्हाळ्यात कडब्याच्या गंजीखालची जमीन दिसली. लोकांनी छपराचा पाला उपसून जनावरांना घातला आणि तोही सरल्यावर गुरे घेऊन नदीकाठच्या मुलखाकडे निघाले. हैबती निघाला नाही. आपण गेलो तर मागे सुभाना गवत कापील आणि शपथ मोडल्याचे कुणाला कळणारही नाही, ही त्याची काळजी. सुभानाही याच काळजीने मागे राहिला. गावात उरले ते म्हातारेकोतारे आणि हे दोन पहारेकरी.

हैबतीच्या जोडीतला एक बैल चैतातच गेला. उरला पाखऱ्या, जोडीतला डाव्या अंगाचा. त्याच्या फासळ्या लांबून दिसत. सुभानाकडेही एकच उरला, उजव्या अंगाचा हौशा. आणि दोघांच्या मधोमध सोळा वर्षांचे गवत वाळून उभे होते.

"मी आणते कापून," ठकूबाई म्हणाली.

"माझ्या घरचा इळा म्हनलोय मी. तू काय दुसऱ्या घरची हाईस?"

"शपथ तुमी घेतली. उपास बैल करतोय. बिरोबाला ह्यो हिशेब कसा पटतो, तेवढं इचारून या."

हैबती विचारायला गेला नाही. त्याला उत्तराची भीती वाटली असावी.

आषाढ लागला तरी पाऊस नव्हता. अशात बेंदराचा दिवस उजाडला. बैलांचा सण. त्या दिवशी बैलाला जुंपत नाहीत, शिंगे हिंगुळाने रंगवतात, पुरणाची पोळी चारतात. त्या वर्षी हिंगूळ नव्हता आणि पुरणही नव्हते. ठकूबाईने पाखऱ्याच्या कपाळाला हळद लावली, मूठभर भिजवलेली मटकी चारली आणि ती आत निघून गेली. हैबती नेहमीप्रमाणे बांधाच्या कडेच्या उंच धोंड्यावर जाऊन बसला.

पलीकडे हौशा खाली बसला होता. सुभाना त्याला उठवायला शेपटी पिळत होता, खांदा लावत होता, शिव्या देत होता. हौशा उठला नाही. मग सुभानाने मुंडासे सोडले, बैलाचे डोके मांडीवर घेतले आणि त्याच मुंडाशाच्या पदराने तो माश्या वारू लागला. त्याच्या पाठीमागे हातभर अंतरावर गवत होते. त्याने मागे वळूनसुद्धा पाहिले नाही.

हैबतीला आधी बरे वाटले. सुभानाचा बैल आपल्या बैलाआधी पडला, म्हणजे आपण जिंकलो. हे समाधान त्याने ऊन डोक्यावर येईपर्यंत पुरवून पुरवून वापरले. मग ते आंबले. हौशाला त्याने वासरू असल्यापासून पाहिले होते. एकदा हैबतीच्याच मिरच्या खाऊन ते चौखूर उधळले होते आणि दोन्ही घरे पोट धरून हसली होती. शिवाय हा बैल गेला की सुभाना गाव सोडणार. मग दरसाल कमरेवर हात ठेवून पाहायचे कुणाकडे?

तो उठला. घरून विळा आणला आणि बांधावर चढला. सुभाना ओरडला, "हैबती! शपथ मोडतोस?"

 हैबतीने मोठी पेंढी कापून बांधली, खांद्यावर घेतली आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा तो पलीकडे उतरला. पेंढी त्याने हौशाच्या तोंडापुढे सोडली.

"माझ्या बैलासाठी माझा इळा चालणार न्हाई, आसं म्हनलोय," तो म्हणाला. "ह्यो माझा बैल न्हवं."

 सुभानाने शपथेचा शब्द न शब्द मनात फिरवून पाहिला. कुठेही भोक सापडले नाही. तोवर हौशाने मान लांबवून पहिला घास घेतलाही होता. बैलाला शपथेची कलमे ठाऊक नव्हती.

हैबती परतला तेव्हा ठकूबाई दारात उभी होती. "आन आपला?"

"आपल्यासाठी आपला इळा चालत न्हाई," हैबती म्हणाला आणि पाखऱ्याजवळ जाऊन बसला. सुभाना काय करील, हे त्याला ठाऊक नव्हते. मागणे तर शक्यच नव्हते. पाखऱ्या त्याचा हात हुंगत होता. हाताला गवताचा वास होता. ती दुपार हैबतीच्या आयुष्यातली सर्वांत लांब दुपार होती, असे सांगतात.

दिवस कलला तेव्हा अंगणात धप्पकन आवाज झाला. पाखऱ्यापुढे पेंढी पडली होती. सुभाना पाठमोरा चालला होता आणि जाता जाता बैलाला सांगत होता, "खा रं पाखऱ्या. तुझ्या धन्यानं आणली हुती त्याच्यापरीस ही मोठी हाय. मोजून बघ म्हणावं."

हैबतीने उचलून पाहिली. खरेच मोठी होती.

दुसऱ्या दिवशी हैबतीने तिच्याहून मोठी नेली. तिसऱ्या दिवशी सुभानाची त्याहून मोठी आली. ही चढाओढ अडीच महिने चालली. बैलांनी तिला कधीही हरकत घेतली नाही.

हस्ताचा पाऊस पडला. वापसा आला, शाळू पेरायची वेळ झाली, आणि दोन्ही घरी एकेकच बैल. पण एक डाव्या अंगाचा, एक उजव्या. ठकूबाईने कुणाला न विचारता पाखऱ्याचा कासरा धरला, बांध ओलांडला आणि त्याला हौशाशेजारी उभे केले. पाभर एक, जोडी एक, रान दोघांचे. तरी धनी एकमेकांशी बोलेनात. सुभाना म्हणे, "हौशा, त्या पाखऱ्याला सांग, पाभर जरा दाबून धरा म्हणावं." हैबती म्हणे, "पाखऱ्या, हौशाला सांग, मला शिकवू नगंस." असे बैलांच्या तोंडून बोलत त्यांनी दोन्ही राने पेरली.

बांधाच्या कडेला जोडी आली तेव्हा सुभाना थांबला. "हौशा, पाखऱ्याला इचार, औंदा तास सोडायचं का?"

हैबतीने त्या वीस पावलांवरून एकदा नजर फिरवली. "पाखऱ्या, हौशाला सांग, आता पुरं. पण आधी इचारलं त्येनं, ही गोष्ट मी गावाला सांगणार."

त्याने ती सांगितली. म्हणूनच ती आबांपर्यंत आली.

आजही बांध तेवढाच आहे. कुणी त्याला कोरत नाही, वाढवतही नाही. आजही बेंदराला खडकवळ्यात कुणी आपल्या बैलाला आपल्या हाताने वैरण घालत नाही. बांधावर विळे चालतात आणि प्रत्येक पेंढी शेजाऱ्याच्या दारी जाते. ज्याने बैल विकून ट्रॅक्टर घेतला, त्याच्याही दारी ती पडते. ट्रॅक्टर खात नाही, म्हणून शेळी खाते. पेंढी टाकणारा जे बोलायचे ते जनावराशी बोलतो आणि पाठ फिरवून चालू लागतो. घरधनी ओसरीवर ऐकू न आल्यासारखा बसून राहतो. मग टाकणारा वळणापलीकडे गेला की हळूच उठतो, पेंढी दोन्ही हातांनी उचलून वजन पाहतो आणि आपला विळा धार लावायला काढतो.