माळीण, पोथी आणि निनावी किडा

एका गावात एक माळीण होती. वर्षभर पोट भरायला तिच्याकडे दोडक्याचा एक मांडव, बाकी काही नाही. एके दिवशी मांडवावर नारिंगी, काळ्या पंखांचे लांबट किडे दिसले. शेंड्यांवर रस शोषणारा मावा तर आधीच होता. बिचारी घाबरली.

त्या गावची रीतच होती, की बुवांच्या किड्यांच्या चित्रांच्या पोथीत नाव सापडल्याशिवाय किड्याला कोणी हात लावायचा नाही. माळणीने एक किडा चुन्याच्या रिकाम्या डबीत घातला, खायला दोडक्याचं पान टाकलं आणि दुसऱ्या दिवशी ती बुवांकडे गेली. शेजारच्या माळ्याच्या मांडवावरही तोच मावा आणि तेच किडे होते, म्हणून तोही सोबत निघाला.

बुवांनी डबी उघडली. "तांबडा भुंगा! पानं चाळण करतो." मग बोट लावलं. "पण त्याची पाठ टणक असते, हा तर मऊ. काजवा असावा."

धोतराच्या सोग्याखाली अंधार करून बुवांनी आत डोकं घातलं. उजेड काही पडेना. बुवा घामाघूम होऊन बाहेर आले आणि वैतागून म्हणाले, "तांबडाच धरा. मारून टाका सगळे!"

शेजारी लगेच घरी पळाला आणि आपल्या मांडवावरचे सगळे किडे त्याने चिरडले.

माळीण मात्र घुटमळली. "बुवा, हा कालपासून उपाशी आहे, तरी पानाला तोंड लावलं नाही. पान खाणारा असता तर सोडलं असतं का?"

"भुकेचं पोथीत काही नाही, बाई."

माळीण आणखीच गोंधळली. मारावेत तर मन होईना, ठेवावेत तर मांडव जायची भीती. घरी येऊन तिने डबीत माव्याने भरलेला एक शेंडा टाकला. किड्याने बघता बघता मावा फस्त केला आणि पान तसंच ठेवलं. तिने त्याला परत मांडवावर सोडलं.

पंधरा दिवसांत शेजाऱ्याचा मांडव माव्याने चिकट झाला, फुलं गळाली. तो माळणीकडे आला. तिच्या मांडवाला दोडके लटकलेले पाहून त्याला रडूच आलं.

"वहिनी, कोणता किडा होता हो तो?"

"काय की, भाऊजी! बुवा अजून पानं उलटताहेत. तुम्ही डबी आणा, थोडे घेऊन जा."

तात्पर्य: नाव कळलं नाही तरी एकवेळ चालेल, पण तो खातो काय हे पाहिल्याशिवाय कुणाला वैरी ठरवू नये.