देवाजींचे गुरुजी

"पण भंते, अध्यक्ष व्हायला तुम्ही नको का म्हणता?"

सुगतनं पुन्हा विचारलं.

भंते रेवतबोधी विहाराच्या पायरीवर बसून चिवराला टाके घालत होते. वय झालेलं. सुईत दोरा ओवायलाच बराच वेळ गेला होता. त्यांनी वर पाहिलं नाही.

"मला जमत नाही व्यासपीठावर."

"दर पौर्णिमेला बोलता की!"

भंतेंनी पुढचा टाका घातला.

सुगत गजघाटे नागपूरच्या एका कॉलेजात शिकवायचा. त्याचे आजोबा, देवाजी गजघाटे, नव्वदी ओलांडून नुकतेच गेले होते. गावच्या शाळेच्या नव्या सभागृहात त्यांचा फोटो लागणार होता. आणि तो एकटा नाही. ज्यांच्या हाताखाली देवाजी पहिलीला होते, त्या जुन्या गुरुजींच्या फोटोशेजारी. ही कल्पना सुगतचीच. शाळेनं ती लगेच उचलून धरली होती. देवाजींना पाली शिकवली ती भंतेंनी, तेव्हा समारंभाचे अध्यक्ष तेच हवेत, असा त्याचा हट्ट होता.

"भाषण लिहिलंय मी. ऐकता?"

"वाच."

सुगत उठून उभा राहिला. वर्गात राहायचा तसा.

बिड्या वळता वळता आजोबा दुकानांच्या पाट्यांवरून अक्षरं लावायला शिकले. घड्याळं उघडून, बिघडवून, मग दुरुस्त करायला शिकले. पेटी शिकले. आंब्याची कलमं बांधायला शिकले, आणि पहिलं कलम फुटलं त्या पहाटे सगळ्या घराला उठवून बांधावर घेऊन गेले. साठीला पाली. ऐंशीनंतर नातीकडून कॉम्प्युटर, तोही एका बोटानं. नवं काही शिकायला निघाले की धुतलेला सदरा घालायचे. मग समोर शिकवायला शाळकरी पोर का असेना...

इथं सुगतनं कागद जरा खाली घेतला. मग पुढं वाचू लागला.

एखादी गोष्ट पुरती हाती आली की आजोबा वस्तीतून एकटेच गावात जाऊन येत. त्या दिवशी जेवत नसत. मग ती गोष्ट कोपऱ्यात पडे आणि दुसरी सुरू होई. सुगतनं भाषणात याला निरासक्ती म्हटलं होतं.

"'एवढे छंद एका माणसाला कसे, असं कुणी विचारलं की आजोबा एवढंच सांगत: मी शिकलो ते गुरुजींमुळे. अशा गुरूचा आणि अशा शिष्याचा...'"

भंतेंनी हात वर केला. सुई बोटांतच होती.

"असं देवाजी म्हणाले?"

"कितीदा तरी. याच शब्दांत."

"आणि तू काय समजलास?"

"त्यात समजायचं काय, भंते? मी मराठीच शिकवतो."

भंतेंनी सुई पुन्हा चिवरात घातली.

"वर्गात कुठं बसत ते?"

"अंगणात. तेव्हा आपल्या सगळ्याच मुलांना बाहेर बसवत. माहीत आहे मला. पण काळच तसा होता. आजोबांनी ते मनात नाही ठेवलं. त्यांचं मन फार मोठं..."

"तेव्हा गावात घड्याळ कोणाच्या घरी होतं?"

"गुरुजींच्या."

"पेटी कोण वाजवायचं?"

"...गुरुजी."

"कलमी आंबा कोणाच्या वाडीत?"

हातातला कागद सुगतला एकाएकी जड वाटू लागला.

"लहानपणी त्यांनी अंगणातून ऐकलेला श्लोक घडाघडा म्हणून दाखवला होता," भंते म्हणाले. "गुरुजींनी छडी फेकली. मारली नाही, फेकली. मारली असती तर विटाळ झाला असता."

"हे आजोबांनी मला कधी..."

"साठीला माझ्याकडे आले. मी विचारलं, या वयात पाली काहून? म्हणाले, गुरुजी अजून आहेत. त्यांना म्हणून दाखवायचं आहे."

विहाराबाहेर कुणीतरी सायकल लावली आणि निघून गेलं. सुगत उभाच होता.

"दाखवलं?"

"त्या एका खेपेला मी सोबत होतो. गुरुजी ओट्यावर पाय सोडून बसलेले. नजर गेली होती, कान शाबूत होते. देवाजींनी अंगणात उभं राहून गाथा म्हटल्या. एक अक्षर चुकलं नाही. मला तशा म्हणता येत नाहीत. गुरुजी मान डोलवत होते. संपल्यावर म्हणाले, वा! कोणाचा गा तू?"

"मग?"

"देवाजींनी नाव सांगितलं."

भंतेंनी टाका ओढून घेतला.

"मग, भंते?"

"गुरुजींनी पाय ओट्यावर घेतले. म्हणाले, अंगणातच थांब."

सुगतला आजोबांचा चेहरा डोळ्यांपुढं आणायचा होता, पण येत होता तो शाळेसाठी मोठा करून घेतलेला फोटो. हसरा. त्यानं स्वतः निवडलेला.

"गुरुजींची सून बाहेर आली," भंते म्हणाले. "शरमेनं अर्धी झाली होती बिचारी. हात जोडून म्हणाली, आत या, काकाजी. पाणी घ्या."

"गेले?"

"नाही."

"का? ती तर मनापासून..."

"तिनं नाही, गुरुजींनी बोलवायचं होतं."

सुगत पायरीवर खाली बसला. भाषणाच्या कागदाची त्यानं घडी घातली, मग आणखी एक घडी. घालतच राहिला. कागद आणखी दुमडेना, तेव्हा त्यानं तो मुठीत धरला.

"पण मग... निघाले ना तिथून? लगेच निघाले ना, भंते?"

"थांबले."

"किती वेळ?"

भंतेंनी दोरा दातानं तोडला. सुई चिवराच्या काठात खोचली. मग पहिल्यांदाच सुगतकडे नीट पाहिलं.

"अग्नी तूच दिलास ना त्यांना?"

"हो."

"तोवर."