साळूआईची पाटी

उंबरसड्याला यायचं तर घाटाची चढण संपवून खिंडीतून आत शिरावं लागतं. दुसरी वाट नाही. खिंड ओलांडली की समोर सपाट कातळाचा सडा, तिन्ही बाजूंना खोल दऱ्या आणि मधोमध आमचं गाव. आता त्याला गाव म्हणवत नाही. एस.टी.चा स्टँड झाला, दवाखाना झाला, शनिवारच्या बाजाराला तर पाय ठेवायला जागा मिळत नाही. पण फार वर्षांपूर्वी, घाटात गाडीरस्ता नव्हता आणि वर येणारा आपल्या पायांनीच येई, तेव्हा इथं मूठभर घरं होती आणि बाकी सगळा काळा कातळ होता. कुदळ मारली तर ठिणगी उडे, माती निघत नसे.

मग इथं माणसं राहिली कशी? तेच तर सांगायचं आहे.

असं म्हणतात, की पहिली घरं खोऱ्यातल्या लुटालुटीला कंटाळून वर आली. वर पाणी होतं, वारा होता, शत्रूची भीती नव्हती. फक्त माती नव्हती. तेव्हा ती माणसं पुन्हा खाली उतरली आणि बांबूच्या पाट्यांत माती भरून, डोक्यावर घेऊन घाट चढली. कातळाच्या खोलगट जागी ती ओतली, भोवती दगडांचा बांध घातला आणि त्या एवढ्याशा शेतात नाचणी पेरली. पावसाळ्यात थोडी माती वाहून जाई, उन्हाळ्यात पुन्हा आणत. माती वाहता वाहता पिढ्या गेल्या, कितीकांच्या डोक्यावरचे केस गेले.

म्हणून त्यांनी खिंडीतल्या देवीपुढे एक नेम केला. इथं राहायला येणाऱ्यानं आपली माती घेऊन यावं. डोक्यावर भरली पाटी असेल तर घर बांध. हात रिकामे असतील तर भाकरी खा, पाणी पी आणि आल्या वाटेनं परत जा. नवी नवरीसुद्धा माहेरची माती घेऊनच खिंड ओलांडे. नेम कडक होता, पण उगाच नव्हता. जेवढी माती तेवढीच तोंडं, एवढा साधा विचार त्यामागे होता.

साळू अशीच पाटी घेऊन आलेली सून. तिचा नवरा सोमा मोठा कष्टाळू. शेजारी सावलीला बसले की हा घाटात. एका उन्हाळ्यात भरल्या पाटीसकट त्याचा पाय घसरला आणि तो दरीत गेला. मूलबाळ नव्हतं. साळूपाशी राहिलं ते त्यानं आयुष्यभर वाहिलेल्या मातीचं शेत. ते ती इतकं जपे की गावात तिची थट्टा व्हायची. शेतातून निघताना ती बांधावर बसून पाय धुई आणि ते पाणी परत शेतातच जाऊ देई. तिच्या शेतातून कुणी आडवं गेलं की हाक येई, "पाय धुऊन जा रं बाबा!" लोक हसायचे, पण पाय धुऊन जायचे.

अशी साळू उतारवयाला लागली आणि मग ते पुराचं वर्ष आलं.

त्या श्रावणात खालची नदी अशी फुगली की तिनं काठचं एक अख्खं गाव धुऊन नेलं. घरं गेली, गुरं गेली. पाणी ओसरल्यावर पाहावं तर शेतात नुसते गोटे. हातभर खोल काळी माती नदीनं खरवडून नेली होती. उरलेली माणसं म्हातारी आणि कच्चीबच्ची घेऊन घाट चढली आणि खिंडीत येऊन थांबली.

गाव गोळा झालं. तेव्हा रायाजी पाटील गावाचा कारभार बघत. माणूस वाईट नव्हता. त्यांनी घराघरातून भाकऱ्या मागवल्या, घोंगड्या मागवल्या, सगळं खिंडीत पोचतं केलं. आणि मग हात जोडून म्हणाले, "भाकर देतू बाबांनू, पर गाव देता येत न्हाई. नेम हाय. आपली माती घिऊन या, मग आत या."

त्यांच्यातला एक जण म्हणाला, "पाटील, मातीच न्हेली की नदीनं. कुठनं आणू?"

पाटलांनी मान खाली घातली. गावानंही घातली. पण देवीपुढचा नेम मोडायचा कुणी? दुसऱ्या दिवशी पुन्हा भाकऱ्या गेल्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा. आपण केवढी दया करतो आहोत असं गावाला मनापासून वाटत होतं. मला या गोष्टीचा राग येतो तो इथंच. पोट भरलं की माणूस पावसात भिजत नाही, असं त्यांना वाटलं कसं?

पाऊस थांबत नव्हता. घोंगड्या भिजून जड झाल्या. उघड्या खिंडीत लहानग्यांना ताप भरला, आणि एका सकाळी त्यातलं एक पोर गेलं. अजून बोलायलाही न लागलेलं.

एवढ्याशा लेकराला जाळत नाहीत, पुरतात. बापानं जागा शोधली. इथं कुदळ मारली, तिथं मारली, सगळीकडे कातळ. शेवटी पोराला उराशी धरून तो भाकऱ्या घेऊन आलेल्या बायांपुढे उभा राहिला.

"मला आत घिऊ नगा," तो म्हणाला, "पर पोरावर घालाया एक पाटी माती तरी द्या."

बाया पळत पाटलांकडे गेल्या. पाटील विचारात पडले. जाणती माणसं बसली. बाहेरची माती आत आणायचा नेम होता. आतली बाहेर द्यावी की नाही हे कुणीच ठरवून ठेवलं नव्हतं. देवीला कौल लावावा, असं एक म्हणाला. दुसरा म्हणाला, पाऊस उघडू दे. बाहेर तो बाप पोराला घेऊन उभाच होता.

भाकऱ्या घेऊन गेलेल्या बायांत साळू होती. ती सरळ शेतात गेली. नाचणी नुकती निसवली होती, हिरवीगार डुलत होती. तिनं कोपऱ्यातली रोपं उपटली, खोऱ्यानं माती ओढली, पाटी भरली आणि खिंडीत नेऊन त्या बापापुढे ओतली. पोराला त्यात निजवलं. वर माती सारून तिनं हातानं थापली, अंगाई म्हणताना थोपटतात तशी.

मग तिनं मान वर केली. समोर त्या पोराची आई बसली होती, तिच्या मांडीवर दुसरं पोर होतं आणि तेही तापानं फणफणलेलं. साळू तिच्याकडे बघत राहिली आणि तिला रडू फुटलं. सोमा गेला तेव्हाही ती चारचौघांत रडली नव्हती. रडत रडतच ती म्हणाली, "मेल्याला माती दिली, आन् जित्याला देऊ नगं व्हय?"

ती परत शेतात गेली. असं म्हणतात, की त्या दिवशी त्या हडकुळ्या बाईच्या अंगात कुठलं बळ आलं ते देवीलाच ठाऊक. उभं पीक तिनं उपटून टाकलं आणि पाटी भरभरून खिंडीत नेऊ लागली. ओझं असं की दोघा गड्यांना उचलेना. असं म्हणतात, की तिच्या पायाखालचा कातळ मेणासारखा मऊ झाला आणि त्यात तिची पावलं उमटली. शेतापासून खिंडीपर्यंतच्या वाटेवर ते खळगे आजही आहेत. पावसात त्यांत पाणी साचतं आणि पोरं त्यांत आपले पाय ठेवून बघतात.

मातीचा ढीग झाला. भाकऱ्या आणलेल्या पाट्या खिंडीत होत्याच. साळूनं पूरवाल्यांना हाक मारली, "भरा पाट्या, घ्या डोक्यावर, आन् चला!"

पाटील धावत आले, मागे सगळं गाव. पाटलांनी खिंडीत वाट अडवली. "साळू, ही माती गावचीच. गावची माती गावात आणून काय वाढलं?"

"माती न्हाई वाढली, पाटील," साळू म्हणाली. "माणूस वाढलं."

"आन् नेम?"

"भरली पाटी पायजे, एवढाच नेम. कुठली माती, कुणी दिली, ह्ये देवीनं कधी इचारलं?"

पाटील वाटेतून हलेनात. तेवढ्यात पूरवाल्यांतली एक म्हातारी पुढं आली. तिनं आपली पाटी भरली होती, पण ती डोक्यावर घेता येईना. दोनदा उचलली, दोनदा खाली ठेवली. मग समोर उभ्या असलेल्या पाटलांनाच ती म्हणाली, "लेका, जरा हात दे की."

आमच्या डोंगरात ओझ्याला हात मागितला आणि कुणी नाही म्हणाला, असं कधी घडलेलं नाही. वैऱ्यालासुद्धा हात देतात. पाटील वाकले. पाटी दोन्ही हातांनी उचलून त्यांनी म्हातारीच्या डोक्यावर ठेवली, नीट बसली का ते पाहिलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय केलं. ते बाजूला सरले. म्हातारी खिंड ओलांडून आत गेली, आणि तिच्या मागून सगळी. शेवटी तर गावकरीच एकेकाला हात देत होते. पाटील खिंडीच्या दगडावर बसून डोळे पुसत होते, असं म्हणतात.

ती माणसं जिथं राहिली ती आमची पूरआळी. आज गावातली सर्वांत दाट वस्ती तीच.

आणि साळूचं शेत? तिथं उघडा कातळ राहिला. पूरवाले माती परत द्यायला आले तेव्हा ती त्यांच्यावर खेकसली, "दिलेलं परत घ्याया मी काय सावकार हाय व्हय?" ते वर्ष तिनं दुसऱ्यांच्या शेतात राबून काढलं. संध्याकाळी मात्र ती आपल्या कातळावर येऊन बसायची. तिला वाईट वाटत नव्हतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पुढच्या आषाढात सड्यावर धुकं उतरलं. आमचं धुकं म्हणजे पुढ्यातला माणूस दिसत नाही, आणि डोक्यावर इरलं घेतलं की सगळी माणसं सारखीच. कितीतरी दिवस तो पाऊस आणि ते धुकं. मग एका सकाळी उघडीप झाली आणि लोक बघतात तो साळूचं शेत मातीनं बांधापर्यंत भरलेलं! कुठं तांबडी, कुठं काळी, कुठं राखी. गावात जितकी शेतं तितक्या तऱ्हेची माती तिथं होती.

पावसानंच ती आणली, असं म्हणतात. देवीनं मातीला पाय दिले आणि ती चालत आली, असंही म्हणतात. मी कशालाच नाही म्हणत नाही. मात्र एवढं ऐकून आहे, की त्या सकाळी पाटलांपासून पूरआळीतल्या पोरासोरांपर्यंत साऱ्या गावाच्या माना आखडल्या होत्या आणि कुणीच कुणाला कारण विचारत नव्हतं. साळू बांधावर उभी राहून हसली म्हणतात. तेव्हापासून तिला कुणी साळू म्हटलं नाही. ती साळूआई झाली.

ती गेली त्यालाही आता किती पिढ्या झाल्या. घाटात डांबरी रस्ता आला, खालून ट्रकनं मातीही येते. पण खिंडीत देवीशेजारी मातीनं भरलेल्या पाट्या आजही तयार असतात. त्या रिकाम्या राहू नयेत हे काम पाळीपाळीनं सगळ्या आळ्या करतात. राहायला येणारा कुणीही असो, शाळेचे मास्तर, दवाखान्यातली नर्स, लग्न होऊन आलेली मुलगी, रस्त्याच्या कामावर बिऱ्हाड घेऊन आलेला मजूर, एस.टी. खिंडीत थांबते आणि त्याला उतरवून घेतात. कुठून आलास, काय आणलंस, असं कुणी विचारत नाही. पाटीला हात देऊन ती त्याच्या डोक्यावर ठेवतात. नवा माणूस आधी बिचकतो, शर्ट मळेल म्हणून कुरकुरतो.

मग त्याला खिंडीतल्या त्या लेकराच्या जागेपाशी नेतात आणि साळूआईच्या नावानं पाटीतली एक मूठ तिथं घालायला सांगतात. त्या पोराचं नाव कुणालाच ठाऊक नाही. साळूआईनं थापली तेव्हा ती माती सुपाएवढी होती. येणाऱ्या प्रत्येकानं मूठ मूठ घातली आणि आज तिथं टेकडी झाली आहे, गवत आहे, झाडं आहेत, एस.टी.ला तिला वळसा घालून यावं लागतं. शिरगणतीवाले येतात आणि उंबरसड्याची वस्ती कागदावर मांडून नेतात. आम्ही ती टेकडी बघतो.

मूठ घालून झाली की जवळ उभं असलेलं कुणीतरी, बहुधा एखादी म्हातारी, नव्या माणसाच्या डोक्यावरची पाटी सरळ करते आणि म्हणते, "चल, आता घरी जाऊ."