सगळ्यांत मोठा कॉम्प्रेसर

गाव लहान होतं आणि गावात सुतार एकच होता. त्याचं नाव केरबा. पाट, पाळणे, चौरंग, खिडक्या, जे सांगाल ते तो घराच्या पडवीत बसून करायचा. हात इतका सफाईदार की दोन फळ्यांचा सांधा बोटाला लागायचा नाही. खोड एकच होती. चारचौघं बघतायत म्हटलं की केरबा ताठ व्हायचा, आणि ताठ झाला की त्याचं डोकं चालेनासं व्हायचं.

त्या वर्षी बालवाडीच्या शेवंताबाईंनी त्याला चाळीस लहान खुर्च्या सांगितल्या. गावच्या पुढाऱ्यांचा जीव शहरातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर होता. बाईंनी भांडून लाकडाच्या मंजूर करून घेतल्या. मात्र केरबाला त्यांनी बजावलं, "रंग गुळगुळीत हवा. ब्रशचे केस नकोत, ओघळ नकोत. आणि शाळा उघडायच्या आत खुर्च्या हव्यात. नाहीतर प्लॅस्टिक आलंच म्हणून समज." केरबाने मान डोलावली. हे काम हातचं जावं असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. आपल्या गावची पोरं आपण केलेल्या खुर्चीवर बसणार, याचा त्याला खरोखर आनंद झाला होता.

असा रंग द्यायचा तर फवारा हवा, आणि फवाऱ्याला कॉम्प्रेसर. म्हणजे हवा दाबून भरणारी टाकी. तिची नळी रंगाच्या गनला जोडली की रंग धुक्यासारखा उडतो. केरबा तालुक्याला पोपटशेठच्या दुकानात गेला. सोबतीला शेजारचा सावळा लोहार होता. दुकानात आणखी पाचसहा गिऱ्हाइकं होती. झालं, केरबा ताठ झाला. त्याने एकच प्रश्न विचारला.

"शेठ, ह्यातला सगळ्यांत मोठा कुठला?"

शेठ व्यापारी माणूस. विचारलं तेच त्यांनी दाखवलं.

मशीन टेम्पोतून गावात आलं. उतरवायला चार गडी लागले. केरबाने त्याला हळदकुंकू वाहिलं, हार घातला, नारळ फोडला. सगळ्या आळीला पेढे वाटले. पेढा खाताना जो तो म्हणाला, "केरबा, लई भारी काम केलंस!" केरबाची छाती टाकीएवढी झाली.

दुसऱ्या दिवशी वायरमन जोडणीला आला. त्याने मशीन बघितलं, घरातला मीटर बघितला आणि डोकं खाजवलं.

"केरबाअण्णा, ह्याला थ्री फेज लागतंय. तुमच्या घरात सिंगल फेज हाय. हे हितं चालायचं न्हाई."

एवढ्यावर भागलं नाही. पडवीत लाकूड कापलं की भुसा उडायचा आणि तो ओल्या रंगावर बसायचा. म्हणून रंगकाम परसात, दोन पायऱ्या खाली न्यावं लागायचं. हे धूड तिथे रोज कोण नेणार आणि कोण परत आणणार? पडवीत केरबा आणि त्याची बायको हौसा, अशी दोनच माणसं राबत होती.

आता शहाण्या माणसाने काय करावं? त्याच दिवशी मशीन परत न्यावं. पण केरबाला आळीतली तोंडं आठवली. त्याने मशीनवर गोणपाट टाकलं. कुणी विचारलं की सांगायचा, "अमावस्या होऊ दे, मग चालू करतो." वायरमनलाही त्याने गप्प राहायला सांगितलं. असे आठ दिवस गेले. चाळीस खुर्च्या भिंतीला लागून कोऱ्याच्या कोऱ्या उभ्या होत्या. शाळा उघडायला दहा दिवस उरले. केरबाला जेवण जाईना.

शेवटी हौसा म्हणाली, "अवो, अमावस्या कवाच होऊन गेली. आता लोकास्नी काय सांगायचं? पौर्णिमा होऊ दे?"

केरबा चिडला. "परत न्यायचं म्हंजे समद्या गावाम्होरनं न्यायचं. हसतील की!"

"हसू द्या की. खुर्च्या गेल्या तर बाईंचं तोंड कसं बघायचं, ते सांगा."

शेवंताबाई त्याच्यासाठी भांडल्या होत्या. केरबाने भिंतीलगतच्या खुर्च्यांकडे बघितलं. मग तो उठला आणि टेम्पोवाल्याला बोलावून आला. भर सकाळी, पारावर सगळी मंडळी जमलेली असताना, टेम्पो त्यांच्यासमोरून गेला. मशीनवर कुंकू तसंच होतं. सावळा लोहार मोठ्याने ओरडला, "का रं केरबा, देवदर्शनाला न्हेतोस व्हय?" सगळा पार खदखदून हसला. केरबाचे कान लाल झाले, पण त्याने टेम्पो थांबवला नाही.

दुकानात पोपटशेठनी हात वर केले. "पूजा झालेलं मशीन आम्ही परत घेत नाही, केरबा."

"शेठ, पूजा म्या मशीनची केली. माझ्या चुकीची न्हवं. चूक घरात ठिवून काय करू?"

शेठ हसले. म्हणाले, "त्या दिवशी तू मला दुसरं काही विचारलंच नाहीस. आज विचार."

आज केरबा तयारीने आला होता. पिशवीतून त्याने आपली रंगाची गन काढली. टेम्पोतून एक कोरी खुर्ची उतरवली. घरातल्या मीटरवरचे आकडे कागदावर उतरवून आणले होते, तोही कागद दिला. आणि हौसा तर बरोबर होतीच. दुकानात दहा माणसं होती, पण केरबा कुणाकडे बघत नव्हता.

शेठनी आधी सगळ्यांत लहान कॉम्प्रेसर दाखवला. हौसाने तो एका हाताने उचलला आणि खूश झाली. केरबाने गन जोडून खुर्चीच्या पाठीवर रंग मारला. अर्ध्यावर फवारा फुसफुसला आणि रंगाचे थेंब उडाले.

"ह्याचा दम अर्ध्यावरच सुटतोय," केरबा म्हणाला.

"हा चाकांत हवा भरायला," शेठ म्हणाले. "ह्याचा काटा दाखवतो तो दाब भरपूर आहे, पण तुझी गन जेवढी हवा खाते तेवढी हा दर मिनिटाला देऊ शकत नाही."

मग त्यांनी मधला काढला. खाली दोन चाकं, वर मूठ, घरच्या सिंगल फेजवर चालणारा. केरबाने खुर्चीची पाठ या टोकापासून त्या टोकापर्यंत रंगवली, मग बैठक, मग चारही पाय. फवारा एकदाही अडला नाही. हौसाने मूठ धरून मशीन दुकानाच्या पायरीवरून खाली उतरवलं आणि परत वर चढवलं. "जमतंय," ती म्हणाली. केरबाने मोठं मशीन देऊन तो घेतला. बदलीत थोडी खोट सोसावी लागली, ती त्याने मुकाट्याने सोसली.

परत येताना पार भरलेलाच होता. सावळा पुन्हा ओरडला, "केरबा, मशीन आटलं का रं?"

या वेळी केरबाने टेम्पो थांबवायला लावला. खाली उतरून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझं चुकलं हुतं. दिसायला मोठं घेतलं, कामाला लागंल ते घेतलं न्हाई. आता बरोबर आणलंय." लोक हसायला तयार होते, पण आता हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुढचे आठ दिवस परसात मशीन घुरघुरत होतं. खुर्च्या लाल झाल्या, पिवळ्या झाल्या, हिरव्या झाल्या. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी शेवंताबाईंनी एकेका खुर्चीवरून हात फिरवला. चाळिसाव्या खुर्चीपाशी त्यांनी पदर डोळ्यांना लावला. दुसऱ्या दिवशी चाळीस पोरं त्या खुर्च्यांवर बसली, आणि प्लॅस्टिकचा विषय गावात पुन्हा निघाला नाही.

आठवडाभराने सावळा लोहार केरबाच्या पडवीत येऊन बसला. आज त्याचा आवाज अगदी खाली होता.

"वेल्डिंगचं मशीन घ्यायचंय. शेठकडं माझ्यासंगं येतोस का?"

"म्या कशाला? माझंच एकदा चुकलंय. समद्या गावाला ठावं हाय."

"म्हणूनच तुला इचारतोय," सावळा म्हणाला. "बाकी कुणाचं कवा चुकलंय, त्ये कुणी सांगतच न्हाई."

तात्पर्य: वस्तू निवडताना आपलं काम बघावं, बघणाऱ्यांची तोंडं बघू नयेत, आणि निवड चुकलीच, तर ती झाकून न ठेवता सगळ्यांसमोर सुधारावी. अशा माणसावरच लोक पुढे विश्वास टाकतात.